वरच्या बाकाचा प्रश्न

आपल्या घरात टब नाही, हे अन्नुकाला, मुलाला रोजचं काय काय जमतं ते विचारणारी ती प्रश्नावली हातात पडेपर्यंत, कधी जाणवलंच नव्हतं. त्या गावात टब कुणाकडेच नव्हता. अंगण ओलांडलं की साउना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. शनिवारी दुपारी धुराडं धुरावू लागलं की कोण कधी अंघोळीला बसणार ते साऱ्या वस्तीला कळायचं. त्यामुळे 'मूल टबात स्वतःहून शिरते आणि बाहेर येते' या वाक्यासमोर तिने 'करू शकत नाही' अशी खूण करून टाकली होती. त्यात खोटं ते काय? तिची लेक हिल्ला टबात शिरत नव्हतीच. बापजन्मी शिरली नव्हती.

पण आता भर हिवाळ्यात संशोधन संस्थेतून निरोप आला, की प्रश्नावलीचं काम बघणारी बाई स्वतः घरी येणार आहे, आणि अन्नुका धास्तावली.

ती धास्ती नुसत्या खुणेची नव्हती. हिल्ला सहा वर्षांची. दिवस भरायच्या आत जन्मली आणि तेव्हापासून पाय ताठ. उभं केलं की टाचा वर, गुडघे एकमेकांना भिडलेले. ऑगस्टात तिची पूर्वशाळा सुरू व्हायची होती. एक शाळा गावातच, गल्लीच्या टोकाला, लाल रंगाची, दगडी पायऱ्यांची. दुसरी शहरातली, अशाच मुलांसाठीची छोटी तुकडी. सकाळी टॅक्सी न्यायला येणार, उचलायला माणसं, ढकलायला खुर्ची, सगळीकडे उतार. अन्नुकाने मनाशी शहर पक्कं केलं होतं. हिल्लाने गाव. सोमवारपर्यंत गावच्या शाळेला काय ते कळवायचं होतं, आणि या बाईचा फोन आला तो त्याच आठवड्यात. आपण मांडलेल्या खुणांवरून आता कुणीतरी आपलं लेकरू कुठे जाणार ते ठरवणार, असं अन्नुकाच्या डोक्यात पक्कं बसलं.

"अगं, ठरवू दे की," तिचा नवरा तुओमो म्हणाला. "मग चुकलं तर त्यांच्यावर ढकलता येईल."

"तुला चेष्टा सुचतेय."

"चेष्टाच असेल असं नाही. नसेलच असंही नाही."

तुओमो पक्का सावोचा. त्या मुलखाबद्दल म्हणतातच, की सावोचा माणूस तोंड उघडतो तेव्हा जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. अन्नुका लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिला याचा राग यायचा. आताशा तीही 'बघू', 'असेलही' असंच बोलायला लागली होती.

शनिवारी दोघीजणी आल्या. एक इर्मेली, हिल्लाच्या पायांना पाळण्यात असल्यापासून व्यायाम देणारी. तिला घरातलं कपाटसुद्धा ठाऊक. दुसरी ती प्रश्नावलीवाली, डॉक्टर ओर्वोक्की, दक्षिणेच्या किनाऱ्यावरची, भरभर बोलणारी, जाड काचांचा चष्मा. तिने बूट काढले, कॉफी घेतली, मासे भरलेल्या, राय धान्याच्या भाकरीचा जाडजूड तुकडा हावरटासारखा खाल्ला आणि मगच कागद काढले.

"तुम्ही हे वाक्य वाचलंत आणि खूण केलीत," ती अन्नुकाला म्हणाली. "त्या दोहोंच्या मधे डोक्यात काय काय आलं, ते मोठ्याने सांगा. सुचेल तसं. लाजू नका."

"काय येणार? टब नाही, तर शिरेल कशी?"

"मग शेजारी तसं का नाही लिहिलंत? 'आमच्याकडे टब नाही' म्हणून?"

उत्तर तुओमोने दिलं. "कुणी विचारलं नव्हतं ना."

ओर्वोक्की टेबलावर हात आपटून हसली. "बघ, इर्मेली! मी सांगत होते ना! आमच्या किनाऱ्यावरच्या आयांनी कडेच्या कोऱ्या जागेत भांडणं लिहून पाठवली. टब कुठाय, कसला टब, मूर्ख आहात का. आणि इथे? एका घराने तक्रार केली नाही. सगळ्यांनी मुकाट्याने 'करू शकत नाही'. आकडे बघून मला घाम फुटला. म्हटलं, या तळ्यांच्या मुलखातली पोरं एकाएकी इतकी मागे कशी पडली?"

"आमच्याकडे असंच असतं," तुओमो म्हणाला. "पोरगं चालायला लागलं असं सांगितलं, तर शेजारी म्हणणार, फुशारक्या मारतोय. म्हणून आपलं सांगायचं, हल्ली फारसं पडत नाही."

"म्हणजे चुकलं आमचं," अन्नुका म्हणाली. तिचे कान तापले होते. "हिल्लाचे आकडे खराब झाले."

ओर्वोक्कीने पेन खाली ठेवलं. "तुमचं काही चुकलं नाही. प्रश्न चुकला. आम्ही हिल्लाला तपासायला आलेलो नाही. प्रश्नाला तपासायला आलोय. आज कुणी नापास झालं, तर तो नापास होणार. आणि तिच्या शाळेशी याचा काडीचा संबंध नाही. कागदावर तुमचं नावसुद्धा नाही."

अन्नुका तिच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं झाली, प्रत्येक खोलीत, प्रत्येक पांढऱ्या दिव्याखाली परीक्षा हिल्लाची होती. कंबर किती फिरते, गुडघा किती उघडतो, किती पावलं टाकते. आणि आज हे वाक्यच आरोपीसारखं टेबलावर उभं होतं. तिला ते समजायला वेळ लागला नाही, कारण तिची नोकरी डेअरीच्या प्रयोगशाळेतली. तिथे सकाळी दुधाला हात लावायच्या आधी तराजू तपासायचा. ठाऊक असलेलं वजन टाकायचं आणि तो खरं बोलतोय का ते बघायचं. तराजूच तिरका असला, तर दुधाला बोल लावून काय उपयोग? पण माणसांच्या तराजूचंही कुणी असं करतं, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

तिने विचारलं, आणि ओर्वोक्कीला सांगायला हुरूपच आला. ही प्रश्नावली समुद्रापलीकडे तयार झालेली. दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ती फिनिशमध्ये आणली, मग मूळ वाक्यं कधीच न पाहिलेल्या तिसऱ्याने ती उलटी मूळ भाषेत नेली, की वाटेत काय सांडलं ते दिसावं. एका 'स्वतःहून' या शब्दावर एक आख्खी दुपार भांडणात गेली. त्यानंतर घरोघर. तीच आई, तेच प्रश्न, काही दिवसांनी पुन्हा. एकाच मुलाला दोन जणांनी आपापलं बघायचं, एकमेकांशी न बोलता.

"एका साध्या वाक्यासाठी एवढं?"

"वाक्यासाठीच. उद्या कुठल्या तरी कचेरीत त्या वाक्यावरून कुणाला मदतनीस द्यायचा ते ठरेल. ते खोटं बोलायला लागलं तर?"

अन्नुकाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिच्या लेकराला न बघितलेली, ओळखत नसलेली माणसं कुठल्या कुठल्या खोल्यांत बसून तिच्यासाठी एकेक शब्द पारखत होती, आणि तिला इतकी वर्षं वाटत होतं की हे कागद आपल्यावर उठलेत.

"तर टबाच्या जागी आता काय घालायचं?" ओर्वोक्की म्हणाली. "तितकंच अवघड पाहिजे. आणि या घरांत नेहमी घडणारं पाहिजे."

"वरचा बाक," इर्मेली लगेच म्हणाली. "साउनातला. इथलं प्रत्येक पोर तिथे चढतं."

"हिल्ला चढत नाही," अन्नुका म्हणाली. "मी नेते तिला."

"किती नेतेस?"

"किती म्हणजे? सगळीच."

"तेच बघायचंय गं," इर्मेली म्हणाली. "सगळी म्हणजे किती."

पाहुण्या होत्या म्हणून सगळ्यांनी पोहायचे कपडे घातले. तुओमो सरपण रचून घरात गेला. साउना तापला होता, लाकडाला डिंकाचा वास सुटला होता. खालची पायरी, मधला बाक, आणि छताजवळ वरचा, जिथे खरी ऊब. इर्मेली कोपऱ्यात टेकली. ओर्वोक्की दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या आंधळी झाली. काचांवर वाफ धरली होती.

"चष्मा काढ की," हिल्लाने तिला सुचवलं.

"काढला तर दिसत नाही, ठेवला तर दिसत नाही."

"मग कशाला आलीस?"

इर्मेलीने हसू दाबलं. ओर्वोक्कीने चष्मा काढून टॉवेलाने पुसला आणि पुन्हा चढवला, आणि पुढचा सगळा वेळ ती हेच करत राहिली. नियम तिने आधीच सांगून ठेवला होता. मूल करील ते त्याच्या पद्धतीने, लागेल तितका वेळ. कुणी सुचवायचं नाही. मदत मागितली तर द्यायची, मागितली तेवढीच.

अन्नुका मधल्या बाकावर बसली. हिल्ला खाली उभी, दाराच्या चौकटीला धरून. तिने सवयीने दोन्ही हात वर केले. अन्नुकाही सवयीने अर्धी उठली, आणि मग बसली.

"तू उचलत का नाहीस?"

"आज प्रश्न तपासतायत ना या. मी उचललं तर प्रश्नाला कळणार नाही."

हिल्लाने विचार केला. "मग तू हातांवर बस. तुझे हात आपोआप येतात."

अन्नुका खरंच हातांवर बसली. लाकूड चटकत होतं. आपले हात आपोआप जातात, हे या पोरीला ठाऊक होतं. आपल्याला नव्हतं.

हिल्लाने चौकट सोडली, पायरीला पाठ केली आणि धपकन बसली. मग काही नाही. ती नुसती बसून राहिली, आणि अन्नुकाला वाटलं, झालं, एवढंच. आता कुणीतरी म्हणा, झालं म्हणा, उठू द्या मला. भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी चुरचुरलं ते विरलं. हिल्ला मागे वळून मधल्या बाकाची उंची बघत होती. एखाद्या सुतारासारखी, एक डोळा बारीक करून.

मग तिने कोपर मागे टाकून बाकाच्या कडेवर अडकवलं. अंग वर ओढलं. घसरली. पुन्हा ओढलं. पाय खाली लटकत होते, ओझ्यासारखे, आणि तिसऱ्या वेळी तिने जे केलं ते बघून कोपऱ्यातली इर्मेली पुढे वाकली.

हिल्लाने उजवा पाय पायरीच्या कडेला टेकवला आणि तो ताठ केला. मुद्दाम. ज्या ताठपणाशी सगळ्यांनी सहा वर्षं वैर धरलं होतं, ज्याला चोळलं, ताणलं, सुया टोचल्या, पट्ट्यांत बांधून झोपवलं, त्याचाच तिने खांब केला. गुडघा कुलूप लागल्यासारखा बसला आणि त्या खांबावर भार टाकून ती सरळ वर आली. बुडाचा एक भाग बाकावर, मग दुसरा.

हा पाय अन्नुकाने रोज हाताळला होता, त्याची इंचन् इंच माहिती होती. तो असा कामाला येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं. हिल्लालाही आत्ताच कळलं असावं, कारण ती स्वतःच्या गुडघ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती.

"आई, हा थांबतो!" ती म्हणाली. "बघ. मी सांगितलं की थांबतो."

"बघितलं," अन्नुका म्हणाली.

वरचा बाक अवघड होता. तिथे पाय टेकवायला कडच नव्हती, नुसती गुळगुळीत फळी. हिल्लाने एकदा प्रयत्न केला आणि बाजूला कलंडली. अन्नुकाचे हात तिच्या खालून निघाले, अगदी आपोआप.

"थांब!" हिल्ला ओरडली.

हात हवेतच थांबले.

"पाठीला लाव. हं. ढकलू नको. नुसता ठेव."

अन्नुकाने तळवा त्या ओल्या, छोट्या पाठीवर ठेवला. हिल्लाने कोपर अडकवलं, मान खाली घातली, आणि पाठ हातातून वर गेली. अन्नुका वाट बघत राहिली, की आता भार येईल, आता येईल. तिचा हात वजनाचा जाणकार, दिवसभर तेच करणारा. भार आलाच नाही. तिला फक्त कातडीखाली काहीतरी घट्ट होताना जाणवलं, आणि मग तळवा रिकामा झाला.

हिल्ला वर बसली होती. छताला डोकं लागतंय की काय अशी, लालेलाल, घामाने निथळत. तिने कुणाकडे बघितलं नाही. पाण्याच्या डोणीतला पळा उचलला आणि भरून तापल्या दगडांवर ओतला. मग आणखी एक. पांढऱ्या वाफेचा असा काही लोट उठला, की डॉक्टर ओर्वोक्की चष्मा हातात धरून 'अयाई गं' करत दाराबाहेर पळाली.

"किनाऱ्यावरची आहे ती," इर्मेलीने हिल्लाला समजावलं. "त्यांना सोसत नाही."

नंतर तिघींनी तीन जागा धरल्या. ओर्वोक्की बाहेर ओट्यावर, टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफ निघत असलेली. इर्मेली कपडे बदलायच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. अन्नुका स्वयंपाकघरात. एकमेकींशी बोलायचं नाही. मदत किती लागली, एवढं एकच लिहायचं. सगळी, बरीचशी, निम्मी, थोडी, नुसती सोबत, की काहीच नाही.

अन्नुकाचं पेन 'निम्मी'वर जाऊन टेकलं. सभ्य माणसाने तेच लिहावं. आपलं पोर आहे, उगाच चढवून कशाला सांगायचं? शिवाय निम्मी म्हटलं की कसं, शहराची शाळाही वाजवी वाटते. तुओमो चुलीपाशी सॉसेज भाजत होता, त्याने पाठ वळवलेली होती. अन्नुकाने डोळे मिटले. तळव्याला काय कळलं होतं? तराजू खरं बोलला, तर तेच वाचायचं असतं. आपल्या आवडीचं नाही.

तिने 'नुसती सोबत'वर खूण केली. लिहिताना तिला आपण चोरी करतोय असं वाटलं.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी आले. ओर्वोक्कीने ओले केस मागे सारले, एकदा बघितलं, पुन्हा चष्मा पुसून बघितलं.

"तिन्ही सारखे," ती हळू म्हणाली.

एक वाफेत आंधळी झालेली, एक कोपऱ्यातून बघणारी, एक आई. तिघींच्या मनात हिल्ला वेगवेगळी होती, आणि तरी तिघी एकमेकींना न विचारता एकाच जागी येऊन पोचल्या होत्या. अन्नुकाला वाटलं, देवळात मोठा आवाज करू नये तसं इथे आता काही बोलू नये. ती लेकीबद्दल सांगायची तेव्हा लोकांना ते आईचं मन वाटायचं. डॉक्टर सांगायचे तेव्हा तिला ते परक्याचं बोलणं वाटायचं. आज पहिल्यांदाच तिला जे दिसलं ते आणखी कुणाला तरी हुबेहूब तसंच दिसलं होतं.

"लगेच भारावून जाऊ नका," ओर्वोक्की म्हणाली. "एका घराने काही सिद्ध होत नाही. अजून पुष्कळ साउना बघायचेत मला, जीव वाचला तर. हा बाकही नापास होऊ शकतो."

"म्हणजे तिने गावच्या शाळेत जावं, असंच ना?" अन्नुकाने विचारलं.

"ते याच्यात येत नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मापाला कळता कामा नये, म्हणून तर हा सगळा खटाटोप." ओर्वोक्कीने कागद पिशवीत घातले. "ती कशी चढते ते तुम्ही बघितलंत. पुढचं तुमचं."

त्या गेल्या. सॉसेज गार झालं होतं. हिल्लाने मोहरीची चटणी लावून दोन खाल्ली.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं, बर्फावर डोळे ठरत नव्हते. अन्नुकाने भांडी धुता धुता विचारलं, "गावच्या शाळेच्या त्या पायऱ्या आहेत ना, त्या तू कशा चढशील?"

"माहीत नाही."

"बघितल्यास ना तू किती वेळा."

"तुझ्या कडेवरून बघितल्यात," हिल्ला म्हणाली. "कडेवरून नीट दिसत नाही."

अन्नुकाने हात पुसले. तुओमोने वर्तमानपत्रातून मान काढली आणि म्हणाला, "बाहेर जावंसं वाटलं, तर घसरगाडी दारातच आहे. नाही वाटलं, तरी दारातच आहे."

रविवारचं शाळेचं आवार रिकामं होतं. दगडी पायऱ्यांवर बर्फ घट्ट बसला होता, एका बाजूला लोखंडी कठडा. अन्नुकाने हिल्लाला घसरगाडीवरून उतरवलं. नाही, उतरवलं नाही. उतरताना तिथे उभी राहिली. हिल्ला पोटावर वळली, पाय सोडले, गाडीला धरून उभी राहिली आणि पायऱ्यांसमोर थांबली.

अन्नुकाने हात खिशात कोंबून ठेवले होते. इथे ऊब नाही, इथे पोरं धक्काबुक्की करणार, इथे पडली तर दगड. हे सगळं कालच्याइतकंच खरं होतं, त्यातलं तसूभरही कमी झालं नव्हतं. तिने फोन काढला आणि शाळा बघणाऱ्या पैवीबाईंचा नंबर लावला.

"पैवी, मी हिल्लाची आई. रविवारी त्रास देतेय. ती इथेच येईल, ऑगस्टात."

"बरं. येऊ दे की. आमच्या पायऱ्या आहेत हं, अन्नुका. तिला मदत किती लागेल, ते सांगून ठेव म्हणजे तजवीज करते."

काल सकाळपर्यंत अन्नुकाकडे याचं उत्तर तयार होतं, 'सगळीच'.

समोर हिल्लाने एक डोळा बारीक केला. मग हातमोजा दाताने ओढून काढला, उघड्या बोटांनी कठड्याचा गार लोखंडी दांडा चाचपला आणि खालच्या पायरीला पाठ करून वळली.

"जरा थांबा, पैवी," अन्नुका कुजबुजली. "फोन ठेवू नका. मी बघतेय."